लेझरची ठिणगी आणि खांडबाऱ्याची माती

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या मातीवर लेझरचे झोत मारले आणि तिथे गंधक असल्याचं सिद्ध झालं. हेच तंत्र पानावर आणि शेतातल्या मातीवरही चालतं. खांडबारा परिसरात तूर, भात, ऊस पिकवणाऱ्यांनी त्याबद्दलचे काही गैरसमज वेळीच दूर केलेले बरे.

गैरसमज : लेझर मारला की झाड जळतं, पिकात किरणोत्सर्ग शिरतो.

लेझर म्हणजे प्रकाश. त्यात किरणोत्सर्गी काही नाही. अब्जांश सेकंदांचा झोत भिंगातून पानावर एकवटला की ‘टक्’ असा आवाज होतो, निळसर-पांढरी ठिणगी उडते आणि जेमतेम केसाच्या जाडीएवढा खळगा पडतो. तेवढ्याच ठिपक्याची वाफ होऊन ती दहा हजार अंशांच्या घरात तापते. निवताना प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतं. कॅल्शियम ओळखायचं ते ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरवर, पोटॅशियम ७६६ आणि ७७० वर. झाड जगतं. जपायचे ते डोळे, कारण हा झोत बहुधा अवरक्त असतो, दिसत नाही.

गैरसमज : एका झोतात सगळ्या पानाचा नकाशा मिळतो.

नकाशासाठी शेकडो ठिपके ओळीने मारावे लागतात. शिवाय जिवंत पानातलं पाणी ठिणगीचा जोर खातं, म्हणून बरंचसं काम वाळवलेल्या पानांवर होतं.

गैरसमज : यंत्राने मातीत लोह दाखवलं, म्हणजे पिकाला लोह मिळतंय.

सर्वात मोठी फसगत इथे होते. ठिणगी मातीतलं एकूण लोह दाखवते; मुळं मात्र विरघळलेलंच घेतात. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही ते अडकून बसतं. मग उसाची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि शेतकरी म्हणतो, केवडा पडला. अशा शेताचा लेझरचा आकडा पाहून ‘लोह पुरेसं आहे’ असा सल्ला कुणी दिला, तर तो चुकीचा ठरेल. प्रयोगशाळेत रसायनाने उपलब्ध लोह वेगळं काढून मोजतात, ते याचसाठी.

गैरसमज : आता माती परीक्षण नको.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यातले सामू आणि क्षारता ठिणगी थेट मोजत नाही. नत्राचंही अवघड, कारण हवेतच ७८ टक्के नत्र असल्याने उघड्यावरच्या ठिणगीत तेही मिसळतं. मातीचा ओलावा आणि पोत बदलला की आकडेही हलतात, म्हणून यंत्र त्या-त्या भागाच्या तपासलेल्या मातीवर आधी जुळवून घ्यावं लागतं.

तेव्हा पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा टाळा. माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो नमुना तपासायला द्या.