अणुभट्टी आणि नावानिशी जबाबदारी

दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी म्हणजे खरे तर अधूनमधून बुडी मारणारे जहाज होते. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ती बॅटऱ्यांवर चाले. वेग वाढवला की बॅटऱ्या काही तासांत उतरत आणि त्या भरण्यासाठी शत्रूची भीती असली तरी वर यावेच लागे. ही मर्यादा संपवण्याचे मोठे श्रेय अमेरिकी नौदलातल्या हायमन रिकोव्हर या अभियंता अधिकाऱ्याकडे जाते.

रिकोव्हर यांचा जन्म तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमधला, एका ज्यू शिंप्याच्या घरातला. कुटुंब अमेरिकेत आल्यावर शिकागोत तारा पोचवण्याचे काम करत ते शिकले आणि 1922 मध्ये अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून अधिकारी झाले. पुढे कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली, पाणबुडीवर नोकरी केली आणि महायुद्धाच्या काळात जहाजबांधणी खात्यातला विद्युत विभाग सांभाळला. 1946 मध्ये नौदलाने त्यांना अणुविज्ञान शिकायला ओक रिजच्या प्रयोगशाळेत पाठवले. इतर अधिकारी निवृत्तीचे बेत आखू लागतात त्या वयात त्यांनी नवा विषय मुळापासून शिकायला घेतला.

अणुशक्तीवर पाणबुडी चालवणाऱ्या यंत्रणेचे तत्त्व सरळ आहे. युरेनियमच्या विखंडनातून उष्णता निघते. प्रचंड दाबाखालचे पाणी न उकळता ती उष्णता वाहून नेते. दुसऱ्या, वेगळ्या मंडलातल्या पाण्याची त्यावर वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. यात हवा कुठेच लागत नाही. उलट मिळणाऱ्या विजेवर समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी आणि श्वासासाठी ऑक्सिजनही तयार करता येतो. मग पाण्याखाली किती दिवस राहायचे हे शिधा आणि माणसांची सहनशक्ती यांवर ठरते.

तत्त्व सोपे असले तरी ते पाणबुडीच्या पोटात बसवणे महाकठीण होते. इंधनाच्या आवरणासाठी न्यूट्रॉन न गिळणारा आणि तापलेल्या पाण्यात न गंजणारा धातू हवा होता. रिकोव्हर यांनी झिर्कोनियम निवडले. ते तेव्हा अगदी थोड्या प्रमाणात तयार होई. शिवाय निसर्गात त्याच्यासोबत येणारे हॅफ्नियम न्यूट्रॉन भराभर शोषते, त्यामुळे ते वेगळे काढावे लागे. काढलेले हॅफ्नियमही वाया गेले नाही, त्याचेच अणुभट्टी आवरणारे नियंत्रक दांडे झाले. आज तारापूरच्या अणुभट्ट्यांतले इंधनही झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत असते.

पाणबुडीवर बसवण्याआधी भट्टीचा नमुना आयडाहोच्या वाळवंटात, पाणबुडीच्या सांगाड्यासारख्या पोलादी कवचात उभारला गेला. जून 1953 मध्ये पूर्ण शक्तीची चाचणी झाली. 24 तासांनंतर अभियंते ती थांबवायला निघाले, पण रिकोव्हर यांनी नकाशावर अटलांटिक ओलांडून आयर्लंड गाठेपर्यंत भट्टी चालू ठेवायला लावली. 17 जानेवारी 1955 ला ‘नॉटिलस’ ही पहिली आण्विक पाणबुडी अणुशक्तीवर निघाली आणि 3 ऑगस्ट 1958 ला बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली.

एवढे काम हाती असतानाच त्यांना रिअर अॅडमिरलपदाची बढती दोनदा नाकारण्यात आली होती. वरिष्ठांशी त्यांचे पटत नसे. अखेर अमेरिकी संसदेने लक्ष घातले आणि 1953 मध्ये ती मिळाली.

माझ्या मते रिकोव्हर यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र यंत्राचे नव्हते, माणसे घडवण्याचे होते. नौदलाच्या अणुशक्ती खात्यात येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या तरुण जिमी कार्टर यांना त्यांनी विचारले की अकादमीत तू नेहमी सर्वस्व पणाला लावून शिकलास का. कार्टर यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटले, तेव्हा रिकोव्हर यांचा पुढचा प्रश्न होता : का नाही? निवड झालेल्यांना आधी वर्गात महिनोन् महिने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि धातुशास्त्र शिकावे लागे. मग जमिनीवरची खरी भट्टी चालवून दाखवायची आणि त्यानंतरच समुद्र. कार्यालयात टाइप होणाऱ्या पत्रांच्या गुलाबी प्रती रिकोव्हर स्वतः वाचत आणि नव्या आण्विक पाणबुडीच्या पहिल्या चाचणीला स्वतः तिच्यावर हजर राहत. जबाबदारी दुसऱ्यांना वाटून दिली तरी आपल्यावरची कमी होत नाही, हे त्यांचे सूत्र होते. चूक झाली तर नेमका कोण जबाबदार हे बोट ठेवून सांगता आले पाहिजे, नाहीतर जबाबदार कुणीच नव्हते असे ते मानत.

10 एप्रिल 1963 ला ‘थ्रेशर’ पाणबुडी 129 माणसांसह बुडाली. नळाचा सांधा फुटून पाणी आत आले आणि भट्टी बंद पडली, असा चौकशीचा कयास होता. रिकोव्हर यांनी संसदेसमोर जहाजबांधणीतल्या ढिल्या तपासणीवर कठोर टीका केली. त्यांच्या खात्यालाही भट्टी लवकर पुन्हा सुरू करण्याची पद्धत बदलावी लागली.

त्यांचा स्वभाव अपमान करण्याइतका कडक होता आणि कंत्राटदाराकडून भेटी घेतल्याबद्दल 1985 मध्ये त्यांना अधिकृत ठपकाही सोसावा लागला. तरी 63 वर्षांच्या सेवेनंतर, जानेवारी 1982 मध्ये संसदेला दिलेल्या साक्षीत त्यांनी सांगितले, की अणुशक्तीवरची जहाजे हे अपरिहार्य अनिष्ट आहे आणि शक्य असते तर सगळी बुडवली असती. स्वतः उभारलेल्या शक्तीविषयी असे बोलायला धैर्य लागते.

त्यांच्या निवृत्तीनंतर अणुशक्ती खात्याच्या प्रमुखाची मुदत आठ वर्षांची ठरवण्यात आली, कारण भट्टीचे निर्णय घेणारा माणूस त्यांचे परिणाम बघायला जागेवर असायला हवा. आपल्याकडेही ‘अरिहंत’ या आण्विक पाणबुडीसाठी आधी कल्पाक्कमला जमिनीवर नमुना भट्टी चालवून खलाशी तयार करण्यात आले. पाणबुडी भाड्याने आणता येते, आपण 1988 मध्ये सोव्हिएत संघाकडून ‘चक्र’ तशी आणलीही होती. पण भट्टीसमोर बसणाऱ्या माणसाची चोख सवय बाहेरून आणता येत नाही. ती प्रत्येक देशाला आपल्याच वर्गखोल्यांत, आपल्याच अधिकाऱ्यांत रुजवावी लागते, आणि त्यासाठी मुदत व अधिकार नावानिशी कुणाच्या तरी हाती द्यावे लागतात.