मांजराच्या पिल्लाचे दात बदलताना

चार महिन्यांचे पिल्लू अचानक चपलांचे बंद, चटईच्या कडा आणि घरातल्यांची बोटे चावू लागले, की ते माजले असे समजून त्याला फटके बसतात. खरे कारण बहुधा त्याच्या हिरड्यांत असते.

माणसाप्रमाणे मांजरालाही दोनदा दात येतात. दुधाचे २६ दात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ३० पक्के दात येतात. या काळात हिरड्या लाल होतात, थोडी लाळ गळते, तोंडातला घास खाली पडतो. पडलेले बहुतेक दात पिल्लू गिळून टाकते. त्याने काही बिघडत नाही.

खाणे मऊ द्यावे. काटे काढलेला उकडलेला मासा चालतो. कोरडे खाद्य असल्यास कोमट पाण्यात भिजवावे. चघळायला स्वच्छ, ओले, थंड फडके द्यावे, मात्र त्याचे दोरे सुटलेले नसावेत. गिळलेला दोरा आतड्यात अडकून जीवावर बेततो. सुईदोरा आणि विजेच्या वायरी त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.

खरा धोका आपल्या मायेत असतो. आपली दाढ दुखली की आपण लवंगेचे तेल लावतो, पॅरासिटामॉल घेतो. तेच पिल्लालाही दिले जाते. ही दोन्ही मांजराला विषासमान आहेत. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते. त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, धाप लागते. एक गोळीही प्राण घेऊ शकते. चुकून दिली गेली असल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे धावावे. दात येताना मुळात औषध लागतच नाही.

पिल्लाला बोटांशी खेळवू नये. मुलाला दात लागून रक्त आले, तर जखमेत हळद किंवा चुना भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीज मांजराच्या चाव्यानेही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे होताच, म्हणजे दात बदलण्याआधीच, त्याला ही लस टोचून घ्यावी.

पिल्लाने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तोंडाला घाण वास येऊन पू दिसला, किंवा सात महिन्यांनंतरही नव्या सुळ्याशेजारी जुना सुळा तसाच राहिला, तर पशुवैद्यकाला दाखवावे. तो सुळा घरी पकडीने उपटू नये. मूळ आत तुटून राहते.