‘कां?’ हें विचारण्याचें धैर्य

कोल्हापुरांत पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत तेथील मातींतून ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी कांस्यमूर्ति निघाली. रोमन घडणीच्या इतर वस्तुहि निघाल्या. पुढें १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं त्या जागेचें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. सातवाहनांच्या काळीं समुद्रापलीकडचा माल कोंकणच्या बंदरीं उतरे, घाट चढे आणि आमच्या या नदीच्या कांठापर्यंत येऊन पोंचे. कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर दान देणाऱ्या यवनांचीं नांवें आजहि वाचतां येतात. तेव्हां ग्रीस व रोम यांची पहिली ओळख आम्हांस इंग्रजांनीं करून दिली, हा समज खोटा आहे. ती ओळख व्यापाऱ्यांनीं करून दिली, आणि तीहि इंग्रजी राज्याच्या सतराशें-अठराशें वर्षें आधीं. माल आला, मूर्तीहि आली. परंतु त्या देशांची जी खरी दौलत, म्हणजे त्यांचा विचार, तिच्याशीं आमचा व्यवहार कितपत झाला, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोणी म्हणेल कीं, जेथें यंत्रमागांच्या खडखडाटांत दिवस उगवतो व मावळतो, त्या कबनुरांत सॉक्रेटीसाचें काय काम? आमचें उत्तर असें कीं, सॉक्रेटीस हा मठांत किंवा विद्यापीठांत बसणारा पुरुष नव्हता. तो पाथरवटाचा मुलगा. अथेन्सच्या बाजारपेठेंत फिरावें, सेनापतीस शौर्य म्हणजे काय, पुरोहितास धर्म म्हणजे काय, मुत्सद्द्यास न्याय म्हणजे काय, असें विचारावें, आणि उत्तर आलें कीं ‘हें कशावरून?’ असा दुसरा प्रश्न करावा, एवढाच त्याचा उद्योग. त्याबद्दल इ. स. पूर्वीं ३९९ या वर्षीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्याजवर खटला झाला. नगराच्या देवतांस तो मानीत नाहीं व तरुणांस बिघडवितो, असे दोन आरोप होते. शेंकडों पंचांसमोर त्यानें दयेची याचना केली नाहीं. बहुमतानें तो दोषी ठरला. मित्रांनीं तुरुंगांतून पळून जाण्याची सोय केली असतां तीहि त्यानें नाकारली, आणि विषाचा प्याला शांतपणें घेतला.

हें चरित्र मराठींत नवें नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं सॉक्रेटीसाचें चरित्र १८५२ सालींच मराठी वाचकांच्या हातीं दिलें होतें. पुढें १९०८ सालीं दक्षिण आफ्रिकेंत असतां गांधीजींनीं प्लेटोनें लिहिलेल्या त्याच्या न्यायालयांतील भाषणाचा सारांश गुजराथींत ‘इंडियन ओपिनियन’मध्यें छापला. १९१० सालीं मुंबई सरकारनें त्या छोट्याशा पुस्तकावर बंदी घातली. दोन हजार तीनशें वर्षांपूर्वीं मेलेल्या एका म्हाताऱ्याच्या भाषणाची ज्याच्याजवळ तोफा आहेत त्या साम्राज्यास भीति वाटावी, यावरून त्या भाषणाचें वजन ओळखावें. ज्यास प्रश्न विचारण्याची संवय लागली, त्यास गुलाम म्हणून फार दिवस ठेवतां येत नाहीं, हें राज्यकर्त्यांस पक्कें ठाऊक होतें.

परंतु प्रश्न विचारणें म्हणजे केवळ दुसऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें नव्हे. याचा धडा आमच्याच संस्थानाच्या इतिहासांत आहे. कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याबद्दल ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं दिवाण माधवराव बर्वे यांजवर कडक टीका केली. अब्रुनुकसानीचा खटला झाला. ज्या पत्रांवर भिस्त ठेवली होती, तीं बनावट ठरलीं. टिळक व आगरकर यांनीं माफी मागितली, तरीहि १८८२ सालीं दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले, आणि आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत पुढें लिहून ठेविली. हेतु शुद्ध होता, पुरावा कच्चा होता. सॉक्रेटीसाची रीत पुरती अंगीं बाणवावयाची, तर पहिला प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे: ‘मी जें खरें मानतों, तें मीं पारखून घेतलें आहे काय?’ हातांतल्या यंत्रावर क्षणांत आलेली बातमी दुसऱ्या क्षणीं शंभर जणांस धाडणाऱ्या आजच्या सुशिक्षितांनीं हा धडा विशेष ध्यानांत घ्यावा.

आतां व्यापारीबंधूंकडे वळूं. झेनो नांवाचा सायप्रस बेटांतला एक व्यापारी जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघाला असतां त्याचें गलबत फुटलें. सर्वस्व बुडालेला तो अथेन्सास आला, आणि एका पुस्तकविक्याच्या दुकानांत सॉक्रेटीसाचें वर्णन ऐकून तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी परंपरागत कथा आहे. त्यानेंच स्टोइक पंथ स्थापिला. जें आपल्या हातांत आहे, म्हणजे आपला निश्चय व आपलें वर्तन, तें निर्मळ ठेवावें. जें हातांत नाहीं, त्यासाठीं जीव जाळूं नये, हें या पंथाचें सार. सुताच्या चढउतारानें ज्यांची झोंप उडते, त्या आमच्या मागवाल्यांस या उपदेशाचें मोल कोणीं शिकवावयास नको.

याच पंथांतील वाद रोमचा प्रख्यात वकील सिसेरो यानें आपल्या मुलासाठीं इ. स. पूर्वीं ४४ मध्यें लिहिलेल्या कर्तव्यशास्त्रावरील ग्रंथांत सांगितला आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असून धान्याचे भाव कडाडले आहेत. एक व्यापारी धान्याचें गलबत घेऊन तेथें येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत, हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. तें गिऱ्हाइकांस सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें विकावें? एक पंडित म्हणतो, मालांतील दोष सांगणें एवढेंच कायद्याचें बंधन. बाजाराची खबर सांगण्याचें बंधन नाहीं. दुसरा म्हणतो, मनुष्य समाजासाठीं जन्मला आहे; त्याचें हित तें तुझें हित. सिसेरोचा निवाडा दुसऱ्याच्या बाजूनें पडला. आपल्या नफ्यासाठीं दुसऱ्यास अंधारांत ठेवणें हें सरळ माणसाचें लक्षण नव्हे, असें तो म्हणतो. आतां ऱ्होड्सच्या जागीं आमची पेठ घाला व धान्याच्या जागीं सूत. उद्यां भाव उतरणार ही खबर पेढीवर येऊन पडली आहे, आणि चार मागांचा गरीब धनी उधार-उसनवार करून आजच्या भावानें सूत मागावयास दारांत उभा आहे. वकील या नात्यानें आम्ही इतकेंच सांगतों कीं, कायदा हा नीतीचा पाया आहे, कळस नव्हे.

मात्र ग्रीकांची आंधळी पूजा करावी, असें आमचें म्हणणें नाहीं. अरिस्टॉटलसारख्या महापंडितानें कांहीं माणसें जन्मतःच गुलाम असतात, असें लिहून ठेविलें. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचें पाप केवळ आमच्याच देशांत झालें, असें नाहीं. पण त्याच परंपरेंत पुढें एपिक्टेटस हा लंगडा गुलाम गुरु झाला, आणि रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस त्याच्या वचनांचें मनन करी. गुलामाच्या चरणीं बादशहा बसूं शकतो, एवढें सामर्थ्य विचारांत आहे. ज्या करवीरांत शाहू महाराजांनीं १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा पन्नास जागा राखून ठेविल्या, तेथील लोकांस हें विस्तारानें सांगावें लागूं नये.

आणि विचारण्याची किंमत केवळ अथेन्सासच मोजावी लागली, असेंहि नाहीं. १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं कोल्हापुरांत ॲडव्होकेट गोविंद पानसरे यांजवर भर सकाळीं गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनीं त्यांचें निधन झालें. तत्पूर्वीं २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचीहि अशीच हत्या झाली होती. गुन्हेगार ठरविणें हें न्यायालयाचें काम. त्यांत आम्ही शिरत नाहीं. पण त्यांच्या प्रत्येक मताशीं ज्याचें जुळत नसेल, त्यानेंहि एवढें कबूल केलें पाहिजे कीं, प्रश्नाला उत्तर देतां येतें किंवा प्रतिप्रश्न करतां येतो. गोळी हें उत्तर नव्हे. सॉक्रेटीसास निदान बोलूं तरी दिलें होतें.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. शेजारच्या शिरोळ तालुक्यांत हेरवाड हें गांव आहे. शाहू महाराजांच्या मृत्यूस शंभर वर्षें पुरीं झालीं त्याच मे २०२२ मध्यें त्या ग्रामपंचायतीनें ठराव केला कीं, पति वारल्यावर पत्नीच्या बांगड्या फोडणें, कुंकूं पुसणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें, या प्रथा गांवांत बंद कराव्या. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींसहि तोच कित्ता गिरविण्यास सांगितलें. हेरवाडच्या लोकांनीं सॉक्रेटीस वाचला असेल अथवा नसेल. पण दुःखानें आधींच खचलेल्या बाईस आणखी विटंबावें तें कां, हा प्रश्न त्यांनीं चारचौघांत उच्चारला, आणि त्यास उत्तर सांपडेना तेव्हां ती रूढि टाकून दिली. हेंच तत्त्वज्ञान.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच. पुढच्या ग्रामसभेस हजर राहा. ठराव वाचला जाईल, बसल्या जागीं हात वर होतील. त्या वेळीं उठून नम्रपणें, पण ठामपणें विचारा कीं, याचें कारण काय? तोच प्रश्न पेढीवर आपल्या चोपडीस, घरांत आपल्या रूढीस आणि रात्रीं निजतांना आपल्या मनास विचारा. पोसायडनची मूर्ति ब्रह्मपुरीच्या मातींत शतकानुशतकें मुकी पडून होती. विचाराची गत तशी होऊं देणें वा न देणें आमच्या हातीं आहे.