मनीचा कान कोणी कापला?

सोसायटीच्या जिन्याखाली, मासळीबाजाराच्या मागच्या बाजूला किंवा देवळाच्या पायरीवर अंग चाटत बसलेलं एखादं मांजर जरा निरखून पाहा. एक कान नेहमीसारखा टोकदार आणि दुसरा वरून सपाट, पट्टी ठेवून कापल्यासारखा, असं कधीतरी दिसेल. पहिल्यांदा पाहणारा हळहळतो. कुणाला वाटतं कुत्र्याने तोडला, कुणाला वाटतं बोक्यांच्या मारामारीत गेला, तर कुणी गल्लीतल्या द्वाड पोरांना शिव्या घालतं. आपल्याकडे नाक-कान कापणं ही शूर्पणखेपासून चालत आलेली शिक्षा आहे. त्यामुळे कापलेला कान दिसला की विटंबनाच आठवते.

पण तो सरळ काप बहुतेक वेळा पशुवैद्यकाच्या टेबलावर दिलेला असतो. ‘या मांजराची नसबंदी झाली आहे, याला पुन्हा पकडू नका’ एवढा एकच निरोप त्या कानावर लिहिलेला असतो. भटक्या कुत्र्यांच्या कानाला पाडलेली खाच आपल्या ओळखीची आहे, त्याच जातीची ही खूण. प्राणीमित्र मंडळी तिला ‘इअर टिपिंग’ म्हणतात. मांजरांना खाऊ घालणारे आणि त्यांच्या नावाने खडे फोडणारे, दोघांच्याही मनात तिच्याबद्दल बरेच गैरसमज असतात. त्यातले नेहमी कानावर येणारे एकेक करून पाहू.

गैरसमज १ : जिवंत मांजराचा कान कापणं हा छळ आहे.

वस्तुस्थिती : मांजर शुद्धीत असताना हे केलं, तर तो छळच. पण योग्य पद्धतीत मांजराला पूर्ण भूल दिलेली असते. नसबंदीची शस्त्रक्रिया होते आणि त्याच भुलीत कानाचं काम उरकलं जातं. कान स्वच्छ करून टोकाच्या खाली सरळ चिमटा लावतात आणि चिमट्याच्या वरचा भाग कात्रीने किंवा पात्याने एका रेषेत कापतात. मोठ्या मांजराचा साधारण एक सेंटिमीटर भाग जातो, पिल्लाचा त्याहून कमी. चिमटा काही मिनिटं तसाच ठेवला की रक्त थांबतं. उरलंसुरलं थांबवायला औषधी पूड लावतात किंवा ती जागा किंचित डागतात. सहसा टाका लागत नाही. नसबंदीसाठी दिलेलं वेदनाशामक या जखमेलाही पुरतं आणि काही दिवसांत कडा सुकते.

गैरसमज २ : टोक गेलं की मांजराला कमी ऐकू येतं, उडी मारताना तोल जातो.

वस्तुस्थिती : मांजराची श्रवणशक्ती अफाट असते. माणसाची मजल साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंत, तर मांजराची ८५ हजार हर्ट्‌झच्या आसपास. उंदराची बारीक चिरचिर आपल्याला ऐकू येत नाही, मनीला येते. हे कसब आहे आतल्या कानाचं. बाहेरची पाळ आवाज गोळा करून आत पाठवते, आणि तेही मुख्यतः तिच्या खोलगट वाटीसारख्या भागाने. टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा गेल्याने त्या कामात सांगण्याजोगी उणीव येत नाही. पाळ वळवणारे स्नायू तिच्या बुडाशी असतात, त्यामुळे कान फिरवणं, रागाने मागे पाडणं, कुतूहलाने टवकारणं पूर्वीसारखंच चालू राहतं. तोल सांभाळणारी यंत्रणा तर कवटीच्या आत, अंतर्कर्णात असते. कान कापलेला बोका कठड्यावरून पूर्वीच्याच मिजाशीत चालतो.

गैरसमज ३ : पोटावर ऑपरेशनचा व्रण असतोच, मग कानाला हात लावायचं कारण काय?

वस्तुस्थिती : सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. मादीची नसबंदी म्हणजे पोट किंवा कूस उघडून केलेली शस्त्रक्रिया. छेद लहान असतो, टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात आणि वर केस उगवले की काही महिन्यांत व्रण हाताला लागणंही कठीण. बरं, भटकं मांजर पोट दाखवायला आपल्यापुढे उताणं थोडंच पडणार आहे!

खूण नसेल तर काय होतं ते पाहा. दोन वर्षांनी कुणीतरी त्याच मनीला पुन्हा पिंजऱ्यात पकडतं. ती रात्रभर उपाशी, घाबरलेली. मग प्रवास, भूल, पोटावरचे केस भादरणं. कधी व्रण सापडतो आणि ती वाचते. कधी सापडत नाही आणि डॉक्टर पोट उघडून गर्भाशय शोधत बसतात. ते आधीच काढलेलं असतं. त्या जिवाला दुसऱ्यांदा भुलीचा धोका आणि दुसऱ्यांदा जखम, तीही फुकट. वर पिंजऱ्यातली ती जागा एखाद्या गाभण मांजरीच्या कामी आली असती. पिंजऱ्याच्या दारात उभं राहून कान पाहिला असता तर हे सगळं टळलं असतं.

बोक्याचं मागून पाहून कळतं, असं काहीजण म्हणतात. जवळच्या बोक्याचं कळेलही. पण अंधारात गाडीखाली बसलेल्या, दाट केसांच्या, माणूस दिसताच पळणाऱ्या बोक्याचं नाही.

गैरसमज ४ : पट्टा, बिल्ला, गोंदण, चिप असे सौम्य उपाय असताना कापाकापी नको.

वस्तुस्थिती : मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, ही म्हण उगाच नाही झाली. पट्टा समजा बांधलाच, तरी भटक्या मांजराचा तो कुंपणात अडकतो, वाढत्या वयात आवळतो किंवा चार दिवसांत गळून पडतो. कानातला बिल्ला ओढला जाऊन कान फाटतो, जखम चिघळते. पोटावर किंवा कानाच्या आत गोंदण करता येतं, पण ते वाचायला मांजर हातात यावं लागतं. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप पाळीव मांजरासाठी उत्तम, कारण हरवलेल्या मांजराचा मालक तिच्यामुळे सापडू शकतो. पण ती वाचायचं यंत्र अगदी अंगाजवळ न्यावं लागतं आणि भटकं मांजर आपल्याला दहा फुटांच्या आत येऊ देत नाही.

लांबून दिसणारी, गळून न पडणारी आणि जन्मभर टिकणारी खूण हवी, तर तूर्त कानाला तोडीचा पर्याय नाही.

गैरसमज ५ : फाटका कान म्हणजे नसबंदी झालीच.

वस्तुस्थिती : मारामारीत गेलेला कान वेडावाकडा असतो. कडा दातेरी, कुठे चीर, कुठे भोक. नसबंदीचा काप सरळ असतो आणि कानाची आकृतीच बदलतो. लांबून किंवा मागून पाहिलं तरी त्रिकोणाचा शेंडा गायब दिसतो. म्हणून मांजरांसाठी खाचेपेक्षा सरळ काप बरा मानतात. खाच आणि भांडणातली जखम यांत गल्लत होऊ शकते.

कान कोणता, याचा नियम जगभर सारखा नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सहसा डावा कान कापतात. जपानमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडतात. त्यामुळे कान चेरीच्या फुलाच्या पाकळीसारखा दिसतो आणि अशा मांजरांना तिथे ‘साकुरा नेको’, म्हणजे चेरीफुलाची मांजरं, असं गोड नाव मिळालं आहे. तिथे बोक्याचा उजवा आणि मांजरीचा डावा कान निवडतात. आपल्याकडे तुमच्या भागात काम करणारी संस्था कोणता कान धरते, हे विचारून घेणं उत्तम.

गैरसमज ६ : कान कापलेलं मांजर चावलं तर घाबरायला नको, त्याला रेबीजची लस दिलेली असते.

वस्तुस्थिती : सगळ्यांत घातक गैरसमज हाच. नसबंदीच्या वेळी बरेचदा रेबीजची लसही टोचतात. पण त्या लसीचा परिणाम जन्मभर पुरत नाही, ती ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते. कानाचा काप मात्र जन्मभराचा. पाच वर्षांपूर्वी कापलेला कान आजच्या लसीबद्दल काहीच सांगत नाही. मांजर चावलं किंवा त्याने ओरबाडून रक्त काढलं, तर कान पाहत बसू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

गैरसमज ७ : मांजर पाळलं, नसबंदी केली, म्हणजे त्याचाही कान कापायला हवा.

वस्तुस्थिती : घरातच राहणाऱ्या मांजराला याची गरज नाही. त्याचा माणूस ओळखीचा, त्याची फाईल डॉक्टरांकडे. घर आणि अंगण यांत ये-जा करणाऱ्या मांजराचा प्रश्न थोडा अवघड आहे. बाहेर फिरताना कुणी त्याला भटकं समजून पकडलं, तर कान त्याला दुसऱ्या शस्त्रक्रियेतून वाचवेल. इथे निर्णय मालकाने डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

उलट बाजूचाही एक समज आहे : कान कापलेला आहे म्हणजे मांजर बेवारस, हाकलून दिलं तरी चालेल. तसं नाही. उलट अशा मांजरावर कुणीतरी वेळ आणि पैसा खर्च केलेला असतो, कुणीतरी त्याला रोज खाऊ घालत असतं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मालक असलेल्या आणि नसलेल्या प्राण्यांत फरक करत नाही.

गैरसमज ८ : नसबंदी झालेलं मांजर आळशी होतं, उंदीर धरत नाही.

वस्तुस्थिती : शिकारीची ऊर्मी आणि माजाची ऊर्मी वेगळ्या. नसबंदीनंतर बोक्यांचं भटकणं, रात्रीच्या मारामाऱ्या आणि भिंतींवर उग्र वासाची फवारणी बरीच कमी होते. सोसायटीच्या सभेत मांजरांविरुद्ध येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच याच असतात. उंदीर दिसला की मात्र कापल्या कानाची मनीही दबा धरून बसतेच.

गैरसमज ९ : ही खूण निर्दोष आहे, तिचा तोटाच नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज मांजरप्रेमींचा, आणि तोही खोडायला हवा. कापलेलं टोक परत येत नाही. क्वचित रक्त जास्त जातं, क्वचित जखम चिघळते. हात कुशल नसेल तर काप तिरका येतो किंवा गरजेहून जास्त कान जातो. लळा लागलेलं, उद्या घरात जाऊ शकणारं पिल्लू असेल, तर कान पाहून दत्तक घेणारा बिचकतो. म्हणून ज्याला घर मिळण्याची खात्री आहे, त्याचा कान सोडून देणारेही अनेकजण आहेत.

मोठा धोका शस्त्रक्रियेबाहेरचा आहे. ही खूण विश्वासावर चालते. शस्त्रक्रिया न करता नुसता कान कापला, तर त्या मांजरीकडे कुणी पुन्हा वळून पाहणार नाही आणि ती पिल्लं घालत राहील. साधारण ६३ ते ६५ दिवसांत मांजर विते आणि पहिली पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. त्या पिल्लांचं पुढे काय होतं? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात भटक्या मांजरांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १६९ पैकी १२७ पिल्लं सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली. चारातली तीन. खोट्या खुणेची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती मोजतात पिल्लं.

गैरसमज १० : कात्रीचंच काम आहे, घरीही करता येईल.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. भूल, वेदनाशामक आणि निर्जंतुक साधनं यांशिवाय कान कापणं म्हणजे प्राण्याला विद्रूप करणं, आणि तो गुन्हा आहे. कुत्र्यांसाठीच्या २००१ च्या नियमांतही नसबंदी झाल्यावर ओळखीसाठी कान कापावा किंवा गोंदावा, असं म्हटलं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांची जागा नव्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घेतली. खूण ही नसबंदीच्या मागून येते, तिच्याऐवजी नव्हे. कान सोनारानेच टोचावा, तसं टोकही पशुवैद्यकानेच कापावं.

मग हिशेब काय? एका पारड्यात नखाएवढं कानाचं टोक, भुलीतली एक छोटी जखम आणि थोडं बिघडलेलं रूप. दुसऱ्या पारड्यात पुन्हा पकडलं जाणं, पुन्हा भूल, पुन्हा फाडलेलं पोट. रस्त्यावर जगणाऱ्या मांजरापुरतं बोलायचं तर दुसरं पारडं जड आहे. घरातल्या मांजरापुरतं, पहिलं.

तुमच्या आवारातल्या मांजरांचे कान या आठवड्यात मोजा. त्यांपैकी किती सपाट, किती टोकदार, हे वहीत लिहून ठेवा. सपाट कानवाल्यांना सुखाने जगू द्या. टोकदार कानवाल्यांचा आकडा घेऊन महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला किंवा जवळच्या प्राणीसंस्थेला फोन करा. आणि त्यातली एखादी पोटाने फुगलेली दिसली, तर तो फोन आजच करा.