पोर्टनच्या प्रयोगशाळेतील सुई

ज्या प्राण्याला आपण फ्रेंचमध्ये 'कोशों दँद', म्हणजे 'हिंदचे डुक्कर', म्हणतो, तो ना हिंदचा, ना डुक्कर. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिका. याच मुक्या जीवावर १९७६ साली इंग्लंडात एका अनोळखी तापाची परीक्षा झाली.

त्या वर्षी झैर (आजचे कांगो) देशात यांबुकू गावाच्या परिसरात ३१८ माणसे आजारी पडली व २८० दगावली. रोग्यांचे रक्त विल्टशायर परगण्यातील पोर्टन डाउनच्या प्रयोगशाळेत आले व ते गिनी पिगांना टोचण्यात आले. पुढे या विषाणूला एबोला नदीचे नाव मिळाले.

हा विषाणू आधी शरीराच्या पहारेकरी पेशींतच शिरतो व त्यांच्याबरोबर यकृत आणि प्लीहेपर्यंत पोचतो. चोराने पोलिसाच्या गाडीतून फिरावे तसे! यकृताच्या पेशी जागोजागी मरतात. रक्त गोठविणारी बरीचशी द्रव्ये यकृतच तयार करते. ती कमी पडतात. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन उरलेला साठाही संपतो. मग रक्त आतल्या आत झिरपू लागते. पोर्टनच्या शास्त्रज्ञांनी १९७८ साली माकडांवरील प्रयोगांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांतही यकृताची अशीच नासाडी आढळली.

५ नोव्हेंबर १९७६ रोजी तेथील एक संशोधक गिनी पिगच्या वाटलेल्या यकृताचे काम करीत असता सुई हातमोज्यातून त्याच्या अंगठ्याला लागली. त्याने लगेच मोजा काढून अंगठा जंतुनाशकात बुडविला. रक्त आले नाही, खूणही दिसली नाही. तरी सहाव्या दिवशी ताप आला! लंडनच्या कॉपेट्स वुड रुग्णालयात त्याला प्लास्टिकच्या बंदिस्त तंबूत ठेवले. इंटरफेरॉन व आफ्रिकेतील बऱ्या झालेल्या रोग्यांच्या रक्तातील द्रव दिला. तो वाचला. कोणत्या उपायाने, हे एका रोग्यावरून ठरविता येत नाही.

आपल्या पूर्वजांचे कोकणही अशा तापापासून दूर नाही. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधला. तो एबोलाहून वेगळा, गोचिडीमार्फत पसरणारा. पण रक्तस्राव यातही होऊ शकतो. लोक त्याला 'माकडताप' म्हणतात. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात आढळला. रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता कळवावे, असे तिकडे गावकऱ्यांना सांगितले जाते.