इमारतीचा झोका

२६ जानेवारी २००१ चा भूकंप गुजरातेतील मराठी घरांच्या अजून स्मरणात आहे. त्याचे केंद्र कच्छात, अहमदाबादेपासून दोनशे किलोमीटरहून दूर होते. तरीही अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि काहींच्या शेजारच्या उभ्या राहिल्या. उभ्या राहिलेल्या इमारतीत परतणाऱ्याला एकच प्रश्न पडतो: हे घर आतून शाबूत आहे ना? खांबातली भेग गिलाव्याआड लपते. नुसत्या डोळ्यांना ती दिसेलच असे नाही.

येथे कंपनांची नोंद कामी येते. आपल्या घरचा झोपाळा आठवा. हलके ढकला वा थोडे जोरात, एका झोक्याला लागणारा वेळ जवळपास तोच. इमारतीलाही असा स्वतःचा दोलनकाल असतो. तो तिच्या वजनावर आणि ताठपणावर ठरतो. वजन तेच राहून खांब-भिंती तडकल्या, तर ताठपणा घटतो आणि झोका लांबतो.

तो मोजण्यासाठी त्वरणमापक यंत्रे तळाशी, गच्चीवर आणि मधल्या मजल्यांवर बसवतात. भूकंपात जमीन एकाच वेळी अनेक लयींत हलते. त्यांपैकी कोणती लय गच्चीवर कित्येक पटींनी वाढून पोचली, हे दोन्हीकडच्या नोंदी ताडून कळते. तीच इमारतीची लय. हालचाल किती झोक्यांत विरते आणि कोणता मजला किती सरकतो, हेही त्याच नोंदींतून निघते.

कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेच्या, २०२१ पर्यंत मिलिकन ग्रंथालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, नऊ मजली इमारतीचे उदाहरण पाहा. १९६७ मध्ये, इमारत नवी असताना, ती पूर्व-पश्चिम दिशेत सेकंदाला सुमारे १.४५ झोके घेई. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात, ऐन हादऱ्यांत, हा आकडा १ च्या आसपास उतरला. पुढे तो काहीसा सावरला, पण २००३ नंतरच्या मोजणीतही १.२ च्या जवळच राहिला. इमारत उभीच होती. तिचा ताठपणा मात्र पहिल्यासारखा उरला नव्हता.

पाऊस, वारा आणि उन्हानेही हा आकडा थोडाफार हलतो, हे याच इमारतीत दिसून आले. म्हणून लहानसा फरक म्हणजे मोडतोड नव्हे, आणि भूकंपानंतरचा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. त्याच्या शेजारी इमारत धडधाकट असतानाचा आकडा हवा. तो घेण्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. वाऱ्याने आणि रहदारीने होणारी सूक्ष्म थरथरही संवेदनशील यंत्राला पुरते. सोसायटीच्या सभेत रंगकामाचा खर्च निघेल, तेव्हा या मोजणीचाही विषय काढावा.