छतावरची सौरवीज बिघडली, तर खर्च कोणाचा?

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॅटच्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान मिळत असल्याने अनेक घरांच्या गच्चीवर पॅनेल आली. आता प्रश्न दुरुस्तीचा आहे, आणि त्याचं उत्तर यंत्रणा घेतानाच्या कागदांत दडलेलं असतं.

वॉरंटी एकच नसते

‘पंचवीस वर्षांची वॉरंटी’ ही अर्धीच माहिती आहे. ती मुदत पॅनेलच्या वीजनिर्मितीची: साधारणपणे दहा वर्षांअखेर मूळ क्षमतेच्या ९० टक्के आणि पंचवीस वर्षांअखेर ८० टक्के. बनावटीतल्या दोषासाठी बऱ्याच कंपन्या दहा-बारा वर्षं देतात. इन्व्हर्टर सहसा पॅनेलच्या आधी बिघडतो, पण त्याची वॉरंटी बहुधा पाच ते दहा वर्षांचीच असते.

भाग फुकट, बाकीचं बिल आपलं

बहुतेक वाद इथे होतात. कंपनी सदोष पॅनेल बदलून देते, पण जुनं उतरवणं, नवं आणणं, तंत्रज्ञाची फेरी, उंच पत्र्यावर चढायला परांची बांधणं हा खर्च अनेकदा वॉरंटीत धरलेला नसतो. म्हणून करारावर सही करण्याआधी मजुरी आणि वाहतूक कोणाकडे, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही.

बंद काळातल्या विजेचं नुकसानही सहसा भरून मिळत नाही. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असं धरलं, तर तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर महिनाभर बंद राहिल्यास सुमारे ३६० युनिट गेले. म्हणून इन्व्हर्टर किती दिवसांत बदलून मिळेल, हेही करारात हवं. माझ्या मते किमतीत दोन-चार हजारांची घासाघीस करण्यापेक्षा ही अट मोलाची आहे.

पहिली पाच वर्षं

सूर्यघर योजनेत व्हेंडरने पाच वर्षं देखभाल द्यायची असते. ढिले बोल्ट, तापलेले कनेक्टर, बिघडलेलं अर्थिंग या तक्रारी त्याच काळात लेखी नोंदवा. मुदत संपण्याआधी संपूर्ण तपासणी करून घ्या आणि अहवाल मागा. पॅनेल-इन्व्हर्टरचे सिरियल नंबर, बिल, वॉरंटी कार्ड आणि ॲपमधल्या मासिक निर्मितीच्या नोंदी जपा. निर्मिती घटल्याचा दावा या नोंदींशिवाय सिद्ध करणं फार अवघड जातं.

वॉरंटीत न बसणारं

वादळ, वीज कोसळणं, माकडांनी फोडलेली काच, परस्पर दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने केलेली छेडछाड. कोकणात २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने छपरंच्या छपरं उडाली. अशा नुकसानीला घराचा विमाच कामी येतो. त्यात सौर यंत्रणेची स्पष्ट नोंद आहे का, ते पाहा.

दाद कुठे मागायची

आधी व्हेंडर आणि निर्माता, दोघांनाही ईमेल करा. फोटो आणि इन्व्हर्टरवरचा एरर कोड जोडा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. व्हेंडरच्या ‘पुढच्या आठवड्यात येतो’वर ही मुदत घालवू नका.